शिकलेली मुलगी गावात परत येते तेव्हा : आफ्रिकेच्या खेड्यांतून आलेला एक धडा

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची ‘यूएसएड’ ही परदेशी मदत देणारी सरकारी संस्था अधिकृतपणे बंद झाली. त्याआधी, फेब्रुवारीत, ब्रिटननेही आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले होते. आपल्याकडच्या बातम्यांत याची चर्चा झाली ती औषधे, धान्य आणि दवाखाने यांच्या अंगाने. ते बरोबरच होते, माणसे मरणार असतील तर आधी त्यांचीच चर्चा व्हायला हवी.

पण या परदेशी पैशांवर आणखी एक काम चालायचे आणि त्याची बातमी सहसा होत नाही. आफ्रिकेच्या खेड्यांतील पंधरा ते पंचवीस वर्षांच्या मुलींना गावच्या बैठकीत उभे राहून बोलायला, हिशेब ठेवायला, कायदा समजून घ्यायला आणि चार मुलींना सोबत घेऊन चालायला शिकवण्याचे हे काम. तिथल्या अनेक संघटना त्याला ‘स्त्रीवादी नेतृत्व प्रशिक्षण’ म्हणतात.

पैसा आटला की वर्ग बंद पडतात, शिक्षिका घरी जातात, फलक गंजतात. मग मागे काय उरते? आम्हाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एक तर यातले बरेच प्रदेश मुस्लीमबहुल आहेत: नायजर, सेनेगल, गांबिया, सिएरा लिओन, उत्तर नायजेरिया. आणि दुसरे म्हणजे कुणाच्या तरी देणगीवर उभ्या असलेल्या प्रत्येक सामाजिक कामाला हा प्रश्न कधी ना कधी विचारावाच लागतो.

शब्दाने बिचकू नका

‘स्त्रीवाद’ हा शब्द ऐकला की आपल्या अनेक घरांत कपाळावर आठ्या येतात. घर मोडणारा, बाहेरून आलेला शब्द, असे वाटते. खरं सांगायचं तर आफ्रिकेतील स्त्रियांमध्येही यावर भरपूर वाद झालेला आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये घानाची राजधानी अक्रा इथे आफ्रिकेच्या वेगवेगळ्या देशांतील कार्यकर्त्या जमल्या आणि त्यांनी आपली एक सनद तयार केली. आम्ही स्वतःला स्त्रीवादी म्हणवतो आणि त्यात आडपडदा ठेवत नाही, असा तिचा सूर होता. पण त्याच खंडात असंख्य स्त्रिया हा शब्द न उच्चारता तेच काम करतात.

नावापेक्षा शिकवले काय जाते ते पाहू. दक्षिण आफ्रिकेच्या परिसरातील देशांत २००९ पासून ‘ग्रामीण महिला सभा’ ही शेतकरी बायांची चळवळ आहे. तिच्या स्त्रीवादी शाळांत जमीन, बियाणे आणि घरातील मारहाण या विषयांवर बोलले जाते. युगांडातील कंपाला इथून चालणारी ‘अकिना मामा वा आफ्रिका’ ही संस्था तरुण स्त्रियांसाठी नेतृत्वाचे वर्ग घेते. १९८५ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या आफ्रिकी स्त्रियांनी तिची सुरुवात केली होती. इतरही संस्था आहेत आणि त्यांच्या धड्यांमध्ये बरेच साम्य आहे. घरातला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो? विहीर कुठे खोदायची हे कोण ठरवते आणि पाणी कोण भरते? जमीन कसायची सुनेने आणि कागदावर नाव कुणाचे? आजारी पडल्यावर दवाखान्यात जायला कुणाची परवानगी लागते?

हे प्रश्न कोणत्याही देशाच्या खेड्यातल्या आजीला समजतील. त्यात परके काही नाही.

मोठ्या टोपीवाली ‘जाजी’

आता थोडे मागे जाऊ. उत्तर नायजेरिया म्हटले की आपल्याला २०१४ मध्ये चिबोकच्या शाळेतून पळवून नेलेल्या २७६ मुली आठवतात. त्याच प्रदेशाची एक आठवण मात्र फारशी कुणाला नाही.

नाना अस्मा यांचा जन्म १७९३ चा, मृत्यू १८६४ चा. सोकोटो खिलाफतीचे संस्थापक शेहू उस्मान दान फोदियो यांच्या त्या कन्या. शेहू स्वतः मोठे आलिम होते. बाहेरच्या शागिर्दांना शिकवायचे आणि स्वतःच्या बायका-मुलींना मात्र अज्ञानात ठेवायचे, अशा आलिमांवर त्यांनी कडक टीका केली होती. मुलगी त्याच घरात वाढली. तिने अरबी, फुलफुल्दे आणि हौसा या तीन भाषांत लिहिले.

पण नाना अस्मांचे सर्वात मोठे काम पुस्तकांबाहेरचे आहे. त्यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांसाठी ‘यान तारू’ नावाची शिक्षिकांची साखळी उभी केली. प्रत्येक भागातून एक स्त्री निवडायची, तिला ‘जाजी’ म्हणायचे. जाजी आपल्या भागातील स्त्रियांचा जथा घेऊन नाना अस्मांकडे यायची. जथ्यात लग्न न झालेल्या लहान मुली असत आणि लेकरे मोठी झाल्याने मोकळ्या झालेल्या प्रौढ स्त्रिया असत. त्या कविता पाठ करून, दीनचे आणि व्यवहाराचे ज्ञान घेऊन परत जायच्या आणि ज्यांना घर सोडता येत नाही अशा बायकांना त्यांच्या अंगणात जाऊन शिकवायच्या. जाजीच्या डोक्यावर गवताची मोठी टोपी आणि त्यावर लाल कापड बांधलेले असे. ती तिची ओळख होती. लांबूनच लोकांना कळायचे, बाई शिकवायला आली आहे.

थोडा विचार करा. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा पश्चिम आफ्रिकेत नाना अस्मांच्या जाजी गावोगाव फिरत होत्या. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. गरज मात्र एकच होती.

या गोष्टीतली सर्वात महत्त्वाची बाब पुढे आहे. १९०३ मध्ये इंग्रजांनी सोकोटो जिंकले, खिलाफत संपली. पण यान तारूची परंपरा टिकली, कारण ती दरबारच्या पैशावर उभी नव्हती. ती गावातल्या बायकांच्या डोक्यात आणि तोंडात होती.

मरादीची पेटी

सोकोटोपासून उत्तरेला सरहद्द ओलांडली की नायजर देश लागतो. तिथेही हौसा भाषा बोलली जाते आणि जवळपास सगळी वस्ती मुस्लीम आहे. मुलींच्या अठराव्या वर्षाआधीच्या लग्नांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत नायजर सर्वात वर आहे. तिथे चारपैकी साधारण तीन मुलींचे लग्न अठराच्या आत होते.

याच नायजरच्या मरादी भागात १९९१ मध्ये ‘केअर’ या संस्थेच्या मदतीने बायकांचे बचत गट सुरू झाले. नाव होते ‘माता मासू दुबारा’. हौसा भाषेत याचा अर्थ साधारण ‘हिकमती बायका’ असा होतो. आपल्याकडच्या बचत गटासारखेच ते होते, पण एक फरक होता. बँक नाही, बाहेरचे भांडवल नाही. बायकांनी आठवड्याला थोडे पैसे टाकायचे आणि त्याच पैशातून गरजेप्रमाणे एकमेकींना कर्ज द्यायचे. ही पद्धत पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत आणि जगभर पसरली. पसरता पसरता तिच्यात एक छान रीत रूढ झाली: पैशांच्या पेटीला तीन कुलुपे आणि तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. एकटीने पेटी उघडायचीच नाही.

नेतृत्वाचा याहून सोपा धडा आम्हाला माहीत नाही. ज्या बाईकडे किल्ली आहे तिला बैठकीला यावेच लागते. तिला हिशेब कळावाच लागतो. आणि चार बायकांसमोर ‘नाही’ म्हणायलाही शिकावे लागते. २००० साली नायजरने निवडून येणाऱ्या पदांवर स्त्रियांसाठी दहा टक्के आरक्षणाचा कायदा केला, तेव्हा सभा-बैठकींची सवय झालेल्या बायका गावांत आधीच तयार होत्या.

व्याजाऐवजी वेळ

अशा गटांत कर्जावर थोडी जादा रक्कम घेतली जाते आणि ती सभासदांतच वाटली जाते. इथे आपल्या वाचकांच्या मनात रिबाचा प्रश्न येईल आणि तो यायलाच हवा. म्हणून आणखी एक नमुना बघू. तो मुस्लीम संस्थेचा नाही, मुद्दाम मुस्लिमांसाठी आखलेलाही नाही, तरी आपल्याला ओळखीचा वाटेल.

‘कॅमफेड’ ही संस्था १९९३ मध्ये झिम्बाब्वेत ३२ गरीब मुलींच्या शाळेच्या खर्चापासून सुरू झाली. आज ती घाना, मलावी, टांझानिया, झांबिया आणि झिम्बाब्वे या देशांत काम करते. शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी १९९८ मध्ये आपली संघटना बांधली. त्यातल्या अनेक जणी आपल्याच गावच्या शाळेत मार्गदर्शक म्हणून परत जातात. वर्गातल्या मुलींना अभ्यासाची, शरीराची, पैशांची, निर्णय घेण्याची माहिती देतात. एखादी मुलगी शाळेत यायची बंद झाली तर तिच्या घरी जाऊन चौकशी करतात.

या मार्गदर्शक मुलींना पगार नसतो. त्यांना छोट्या धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज मिळू शकते. व्याजाच्या जागी त्या शाळेत दिलेला वेळ धरला जातो आणि संस्था त्याला ‘सामाजिक व्याज’ म्हणते. आपण ज्याला कर्ज-ए-हसना म्हणतो त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. कर्ज घेणारीवर पैशांचा बोजा वाढत नाही आणि तिच्या पुढच्या मुलीला फायदा होतो.

याचे फळ? त्या पहिल्या ३२ मुलींपैकी एक, अँजेलिन मुरिमिर्वा, आज याच संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत. शहरातून आलेल्या साहेबाने गावाला शिकवणे वेगळे आणि ज्या मुलीची फी एकेकाळी कुणीतरी भरली होती तिनेच सगळा कारभार सांभाळणे वेगळे.

इथे एक शंका मांडायलाच हवी. वेळ द्या, सेवा करा, हे दरवेळी गरीब मुलींनाच का सांगायचे? बिनपगारी कामाचा बोजा आधीच बाईच्या डोक्यावर आहे. कर्ज आणि प्रमाणपत्र मिळत असले तरी हा प्रश्न संपत नाही. जिथे मुलीच्या वेळेची किंमत धरली जात नाही, तिथे ‘नेतृत्व’ हे फुकटच्या राबण्याचे गोड नाव होऊ शकते. आपल्याकडे गावोगाव काम करणाऱ्या आशा सेविकांना हे वेगळे सांगायला नको.

नवऱ्यांची शाळा आणि इमामांची पायपीट

मुलगी शिकली, बोलू लागली. पण घरी काय? वडील, भाऊ, नवरा आणि सासू जिथे होते तिथेच राहिले तर प्रशिक्षणातून आलेली मुलगी एकटी पडते. तिच्या धाडसाची किंमत तिलाच मोजावी लागते.

नायजरच्या झिंदर भागात २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने ‘नवऱ्यांच्या शाळा’ सुरू केल्या. त्यात गावातले विवाहित पुरुष स्वखुशीने जमतात आणि बाळंतपण, दवाखाना, मुलांमधील अंतर यांवर बोलतात. दवाखान्यात जायची परवानगी पुरुषाकडून येत असेल तर पुरुषांशीच बोलले पाहिजे, असा हा सरळ हिशेब आहे.

सेनेगलची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे १९९१ पासून ‘तोस्तान’ ही संस्था खेड्यांत तीन वर्षे चालणारे वर्ग घेते. संस्थापक मॉली मेल्चिंग अमेरिकी आहेत, पण वर्ग स्थानिक भाषेत चालतात आणि शिकवणारी व्यक्ती गावातच राहते. आधी हक्क आणि जबाबदाऱ्या, मग आरोग्य, मग लिहिणे-वाचणे आणि हिशेब. १९९७ मध्ये मालिकुंडा बांबारा गावच्या स्त्रियांनी जाहीर केले की यापुढे आपल्या मुलींची खतना करणार नाही. गावात आणि आजूबाजूला खळबळ उडाली. बायकांवर टीकेचा भडिमार झाला.

तेव्हा शेजारच्या भागातील एक वयस्कर इमाम, देंबा जावारा, पुढे आले. त्यांचे म्हणणे साधे होते. एका गावाने ठरवून चालणार नाही, कारण मुलींची लग्ने दहा गावांत होतात. जिथे सोयरीक आहे तिथे सगळीकडे बोलले पाहिजे, नाहीतर या मुलींना स्थळे मिळणार नाहीत. मग ते स्वतः पायी गावोगाव फिरले. १९९८ च्या फेब्रुवारीत १३ गावांनी मिळून ही प्रथा सोडल्याचे जाहीर केले. सरकारचा बंदीचा कायदा त्यानंतर, १९९९ मध्ये आला.

या प्रथेबद्दल आपल्या घरांत मोठ्याने बोलले जात नाही, म्हणून एवढे नोंदवतो: आफ्रिकेत ती मुस्लिमांत आहे तशी ख्रिश्चनांतही आहे. आणि २००६ मध्ये कैरोत अल-अझहर इथे जमलेल्या उलेमांनी तिला दीनमध्ये आधार नसल्याचे सांगितले होते.

मालिकुंडाच्या बायकांनी तोंड उघडले नसते तर इमामसाहेब चालायला निघाले नसते. इमामसाहेब चालले नसते तर बायकांचा आवाज एका गावातच विरला असता. दोन्ही लागले.

आकडे काय सांगतात

‘हे सगळे छान, पण फरक पडतो का?’ असा प्रश्न वाचक विचारतील. बांगलादेशात जन्मलेल्या ‘ब्रॅक’ संस्थेने युगांडात किशोरवयीन मुलींचे मंडळ चालवले. त्यात धंद्याचे कौशल्य आणि आरोग्य-लग्नाविषयीची माहिती एकत्र दिली जायची. अर्थतज्ज्ञांनी मंडळ असलेल्या आणि नसलेल्या वस्त्यांची तुलना केली. चार वर्षांनी मंडळ असलेल्या वस्त्यांत कमावत्या मुली वाढल्या होत्या आणि किशोरवयातील गरोदरपण सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. मनाविरुद्ध झालेल्या शरीरसंबंधांच्या तक्रारीही तितक्याच घटल्या होत्या.

सिएरा लिओनमध्ये २०१४ मध्ये इबोलाची साथ आली, शाळा बंद झाल्या. ज्या गावांत अशी मंडळे होती तिथल्या मुली साथ ओसरल्यावर शाळेत परतण्याची शक्यता जास्त होती. त्या देशात गरोदर मुलीला शाळेत बसू न देण्याचा नियम २०२० पर्यंत होता, हे लक्षात घेतले तर या मंडळांची किंमत कळते.

पण हाच कार्यक्रम टांझानियात नेला तेव्हा बचत सोडली तर म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. तिथे साधने अपुरी पडली. म्हणजे काय, तर ‘प्रशिक्षण’ हा जादूचा मंत्र नाही. वर्ग कुठे भरतो, शिकवणारी किती दिवस टिकते, तिच्या हातात काय आहे, यावर सगळे ठरते. अर्धवट पैशात चालवलेले काम हे अनेकदा न केलेल्या कामासारखेच असते. मदत कपातीचा खरा धोका हाच आहे. फलक राहतील, वर्ग नावापुरते भरतील आणि पाच वर्षांनी कुणीतरी म्हणेल, ‘बघा, या मुलींना शिकवून काही उपयोग नाही.’

बोलायला शिकवले, पण बसायला जागा?

आणखी एक कटू गोष्ट. २६ जुलै २०२३ ला नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, संसद बरखास्त झाली. ज्या बायका पेटीच्या किल्लीपासून निवडणुकीपर्यंत पोचल्या होत्या, त्यांच्यासमोरून मतपेटीच उचलली गेली. मुलीला सभेत बोलायला शिकवता येते, पण सभा भरणारच नसेल तर तिने कुठे बोलायचे? वैयक्तिक धीटपणाने हा प्रश्न सुटत नाही. तो साऱ्या समाजाचा प्रश्न आहे.

गांबियात मात्र उलट घडले. तिथे २०१५ मध्ये मुलींच्या खतनेवर बंदी आली होती. २०२३ मध्ये तीन स्त्रियांना दंड झाला आणि त्यानंतर बंदीच उठवण्याची मोहीम सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये तसे विधेयक संसदेत आले. त्या संसदेत स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या. इमाम दोन्ही बाजूंना होते. गावागावांतून आणि शहरांतून स्त्रियांनी आपले अनुभव, आपली दुखणी खासदारांसमोर मांडली. १५ जुलै २०२४ ला विधेयक फेटाळले गेले. जिने कधी घरातही हा विषय काढला नव्हता, तिने तो देशासमोर काढला. प्रशिक्षणाचा उपयोग विचारणाऱ्यांना हे एक उत्तर आहे.

मागे काय उरते

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मदत थांबल्यावर काय उरणार? वरच्या सगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या तर आम्हाला तीन खुणा दिसतात.

शिकलेली मुलगी गावात काहीतरी काम घेऊन परतली का, की नुसते प्रमाणपत्र घेऊन? जाजीला टोपी होती, मार्गदर्शक मुलीला वर्ग होता. पैशांची किल्ली गावातल्या बायकांच्या हातात आहे का, की दूरच्या कार्यालयात? आणि वडील, नवरा, इमाम या बोलण्यात सामील आहेत का, की त्यांच्या पाठीमागे सगळे चालले आहे? या तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तिथे कार्यालय बंद झाले तरी काम पूर्ण थांबणार नाही. मरादीच्या बायकांची बचत वॉशिंग्टनमध्ये ठेवलेली नाही.

याचा अर्थ मदत बंद झाली तर बिघडले नाही, असा मुळीच नाही. दवाखान्याची बाई गेली, शाळेची फी थांबली तर सर्वात आधी घरी बसवली जाते ती मुलगीच.  श्रीमंत देशांनी हात आखडता घेतला ही चूक आहे आणि ती चूक म्हणूनच नोंदवली पाहिजे.

पण आपल्या वस्तीत उद्या कुणी ‘मुलींसाठी नेतृत्व शिबिर’ घेऊन आले, तर नाव ऐकून नाक मुरडण्याआधी किंवा उद्घाटनाचे फोटो काढून मोकळे होण्याआधी हे तीन प्रश्न विचारून बघा. शिबिर दोन दिवसांचे असेल. तिसऱ्या दिवशी ती मुलगी घरी येते. तिला काय करायचे आहे हे तिला विचारणारे त्या घरात कुणी आहे का, एवढे तर आपण आजच पाहू शकतो.